सुटलेला ठिपका

समोरच्या काकूंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून त्यांच्या दारातली रांगोळी सध्या काका काढतात. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडतात आणि काका उकिडवे बसून ते पाळतात. आज सकाळी पेपर घ्यायला मी दार उघडलं आणि तिथेच रेंगाळले.

काकांनी चिमटीतून ठिपके सोडले. ओळ जराशी वाकडी गेली, तरी मला बघत राहावंसं वाटलं. माझ्या गाण्याच्या वहीत ‘सा’च्या डोक्यावर ठिपका दिला की तो वरच्या सप्तकात चढतो, पायाशी दिला की खर्जात उतरतो. वाक्याच्या शेवटी एक दिला की बोलणं संपतं, तीन दिले की मनातलं मनातच राहतं. एवढासा जीव, पण जिथे बसेल तिथला रुबाब करतो!

काकांनी रेघा जोडून कमळ पुरं केलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, पाकळीबाहेर एक ठिपका तसाच सुटला होता.

“अगं, हा राहिलाच की! पुसू का?”

मी काकूंकडे पाहिलं. माझ्या रांगोळीतल्या चुका त्या जिन्यातूनच ओरडून सांगतात. पण आज त्या बराच वेळ कमळाकडे बघत राहिल्या. मग डाव्या हाताने पदर सावरत म्हणाल्या, “राहू द्या हो. तीट समजा. इतकं छान काढलंत, दृष्ट लागेल.”

काका गडबडून रांगोळीचा डबा शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.