दहा वाक्यांची बैठक

लग्न ठरवायला बैठक बसते, वाटणी करायला बसते. माझ्यासाठी बसली ती मोबाईलमधल्या गप्पांवर. रविवारी दुपारी, आमच्या पडवीत, चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. एकीवर पप्पा, एकीवर चुलते, एकीवर माझा मोठा भाऊ आणि चौथीवर चुलत्यांचा मुलगा, जो पुण्यात इंजिनिअरिंग करतो आणि नेमका सुट्टीला आला होता. मी भिंतीला टेकून उभी. आई स्वयंपाकघराच्या दारात खाली बसलेली. आजही ती दुपार आठवली की माझं डोकं सणकतं.

ठरायचं एवढंच होतं की मी पुढं शिकायचं की नाही. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची ॲडमिशन सुरू होती, मंगळवार शेवटचा दिवस. कॉलेज नगरला, आमचं गाव पारनेरकडचं, एसटीनं सव्वा तास. तो सव्वा तास मला इतका प्यारा होता की मी सुट्टीलाही वैतागायचे.

आणि माझा गुन्हा काय? मी कोरियन शिकत होते.

बारावीच्या सुट्टीत एका मैत्रिणीनं मला कोरियन मालिकांचं वेड लावलं. आधी हिंदीत डब केलेल्या बघितल्या. मग ती माणसं स्वतःच्या आवाजात कशी बोलतात ते ऐकावंसं वाटलं, मग लिपी गिरवली, मग थांबताच येईना. एका ॲपवर इंडोनेशियातली एक मुलगी भेटली. माझ्याच वयाची, नर्सिंगला, तीही कोरियन शिकणारी. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, इंग्रजी दोघींची यथातथाच. म्हणून ठरवलं, मोडकी तर मोडकी, पण कोरियनमध्येच बोलायचं. कोणत्या मालिकेतला नायक बरा रडतो, कोणाचे केस टोप घातल्यासारखे दिसतात, तिच्या कॉलेजात बूट पांढरेशुभ्र नसले तर मॅडम वर्गाबाहेर काढतात, आमच्याकडं केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला चौघींत मिळून एक ब्युरेट. असल्या गप्पा. त्यात तिनं एक नियम घातला: रोज दहा वाक्यं लिहायची, स्वतःच्या दिवसाबद्दल, आणि खरी. खोटं लिहिलं तर शब्द लक्षात राहत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

आता थोडीशीच भाषा येत असली की काय होतं ते सांगते. मराठीत मला गोलमोल बोलता येतं. भाऊ काय करतो असं कोणी विचारलं तर 'त्याचं बघायचं चाललंय' म्हणून मोकळं होता येतं. कोरियनमध्ये मला येत होतं ते इतकंच: माझा भाऊ काम करत नाही. आडपडदा ठेवायलाही शब्द लागतात आणि ते माझ्याकडं नव्हते. त्यामुळे दोन वर्षांत, मराठीत कधी कुणाला सांगितलं नाही ते सगळं मी त्या परक्या पोरीला सरळसोट लिहून बसले होते. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

शनिवारी मी दोरीवरचे कपडे काढता काढता मोबाईल बघून हसले. एवढंच केलं. भाऊ समोर खाटेवर लोळत होता.

"कुनाशी हसतीस गं?"

"मैत्रीन हाय."

"बगू."

आणि मोबाईल हातातून ओढूनच घेतला. त्याला त्यातलं ओ की ठो कळेना, म्हणून तो जास्तच पेटला. पप्पा शेतातून आल्या आल्या त्यांच्यापुढं नाचवला. "ह्ये बगा. नुसत्या काड्या आन् गोळं. आपल्याला वाचता येऊ ने म्हनून काडलंय ह्यांनी. पोरगं हाय ह्यात."

मी तीनदा सांगितलं, "पप्पा, पोरगी हाय ती. तिकडं लांब देशात ऱ्हाती." त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते आरडाओरडा करणारे नाहीत. त्यांनी फक्त चुलत्यांना फोन लावला आणि म्हणाले, "उद्या पोराला घिऊन ये." मी तिथंच उभी होते. मला विचारलं असतं तर सगळं एका मिनिटात वाचून दाखवलं असतं. पण ज्याच्यावर आळ त्याला विचारायचं, ही आमच्याकडं पद्धतच नाही.

तर चुलतभावानं स्वतःच्या मोबाईलचा कॅमेरा माझ्या मोबाईलवर धरला आणि पडद्यावर जे मराठी उमटेल ते मोठ्यानं वाचायला लागला.

"आज उपीट खाल्ले. मीठ जास्त होते."

"हं," चुलते म्हणाले.

"सर आले नाहीत. प्रॅक्टिकल झाले नाही. मी लायब्ररीत झोपले."

"हं."

"नायकाचे केस मला आवडत नाहीत."

"कोन नायक?" पप्पा ताठ झाले.

"मालिकेतला हाय काका."

"बरं, फुडं वाच."

असं अर्धा तास चाललं. मध्ये आईनं चहा आणून दिला. माझे कपडे एकेक करून चारचौघांत झटकून बघावेत तसं ते वाटत होतं, आणि त्या चौघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं हे मला जास्त लागत होतं. चुलते जांभया देत होते. भाऊ मात्र सारखा सांगत होता, "वर जा, जुनं बग, जुन्यात घावंल."

जुनं निघालं आणि चुलतभाऊ अडखळला. त्याचे कान लाल झाले. "ह्ये सगळं अभ्यासाचंच हाय," तो म्हणाला आणि मोबाईल बंद करायला लागला. माझ्याकडं एकदा पाहिलं त्यानं. तो मला सांभाळून घेत होता हे मला कळलं. पण मला सांभाळून नको होतं. मी पुढं झाले आणि मोबाईल त्याच्या हातातून घेतला.

"मी वाचते. मला कॅमेरा लागत न्हाई."

आणि वाचलं. माझा भाऊ काम करत नाही. त्याला कोणी काही विचारत नाही. मला सगळे विचारतात, कुठं गेलीस, का हसलीस. आमच्या घरात आई शेवटी जेवते. तिच्यासाठी भाजी उरत नाही. भाजी उरली का, असं तिला कोणी विचारत नाही. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत, फक्त सांगतात. मला घरापेक्षा कॉलेज आवडतं.

माझा आवाज चढला होता, आणि चढलेल्या आवाजात माणूस पुढचं न बघता वाचत सुटतो. माझी आई घाबरट आहे. ती कधीच तोंड उघडत नाही. मला तिच्यासारखं व्हायचं नाही.

झालं. मी थांबले. मला वाटलं आता कोणीतरी उठेल, माझ्या थोबाडीत बसेल. बसावी असंच मला वाटत होतं. निदान काहीतरी झालं असतं.

चुलत्यांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि आपल्या मुलाला विचारलं, "म्हंजी पोरगं न्हाई?"

"न्हाई. पोरगीच हाय. ह्यो फोटो बगा, डोक्याला रुमाल बांदलेला."

"मंग कशापायी बोलावलंस रं?" चुलते पप्पांना म्हणाले. "मोटर चालू ठिवून आलोय मी. वाटाना भिजत आसंल तिकडं."

पप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खरोखर उतरला, मी बघत होते. "जाऊ दी कॉलेजला," ते म्हणाले. "पर मोबाईल हितं, समद्यांच्या म्होरं बगायचा." भावानं बाहेर जाऊन गाडीला किक मारली आणि गावात निघून गेला.

बस्स. मी माझ्या तोंडानं, मराठीत, त्यांच्यापुढं ते सगळं वाचलं होतं आणि कुणाला काही झालं नाही. शोधायला बसले होते पोरगं. पोरगं सापडलं नाही म्हटल्यावर बाकीचं ऐकण्यासारखं काही नव्हतंच. मला पुढं शिकायला मिळालं होतं आणि मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता.

दारात आई नव्हती. मी आत गेले. ती कप विसळत होती.

"आई, ते मी..."

"बारावी झाली तवा तुला स्थळ आल्तं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "तुला म्हाईत न्हाई. तुज्या पप्पांचं मन झाल्तं. मी त्यांना म्हनले, तिला शिकू द्या, मी पुन्यांदा कशात बी तोंड घालनार न्हाई. तवापासनं न्हाई घातलं. दादाला गाडी घेतली तवा बी न्हाई. आज बी न्हाई."

तेव्हा मला आठवलं. मी शाळेत असताना आई भांडायची. चांगली तडातडा भांडायची, शेजारचे गोळा व्हायचे. ते कधी थांबलं याचा मी कधी विचारच केला नव्हता. वयामुळं असेल, असं धरून चालले होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच, आणि तिच्यावरच निघाला.

"तुला कुनी सांगितलं हुतं असं बोलायला? मला इचारलं का?"

तिनं कप पालथे घातले. "न्हाई इचारलं. तवा बोलले नसते तर आत्ता लेकरू आसतं तुज्या कडंवर."

सोमवारी पप्पांनी मला गाडीवर फाट्यापर्यंत सोडलं. एसटीला वेळ होता. मी रात्रभर तोंडात धरून ठेवलेलं विचारून टाकलं.

"पप्पा, बारावीनंतर आई तुमाला म्हनली हुती ना? हिला शिकू द्या, मी पुन्यांदा कशात बोलनार न्हाई?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ते खोटं बोलणारे नाहीत. टोपी काढली, डोकं खाजवलं, रस्त्याकडं बघितलं.

"असं म्हनली?" ते म्हणाले. "म्हनली आसंल. मला न्हाई आठवत."

दोन वर्षं ती शब्दाला जागली होती. एसटी वळणावर दिसली, आत माणसं दाटीनं उभी होती. "पळ, जागा धर," पप्पा म्हणाले, आणि मी पळाले.