सोसंल का ह्ये मला?

एकादशीला अख्खं कळस गाव उपाशी असायचं आणि माझी हौसाआत्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत भाकरी खायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "इठोबाला म्या सांगितलंय. तू मधी पडू नगंस."

तिला पॉर्फिरिया होता. रक्त तयार होण्याच्या कामातच जन्मजात खोट. उपास घडला किंवा भलतं औषध पोटात गेलं की असह्य पोटदुखी उठायची, हातपाय लुळे पडायचे. एकदा झोपेच्या गोळीनं ती अंथरुणाला खिळली होती. तेव्हापासून खोकल्याच्या औषधाचीही उलटतपासणी व्हायची, "सोसंल का ह्ये मला?" गावचे डॉक्टर तिला पाहून घाम पुसत. मलाही तिचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू!

मग स्तनाचा कर्करोग निघाला. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी बरीच चौकशी करून मोकळेपणानं सांगितलं, "आजी, उलटीचं औषध तुम्हाला चालणारं निवडलंय. पण मुख्य औषध तुमच्या आजारात फार थोड्यांना दिलं गेलंय. खात्री देता येत नाही." न द्यावं तर कर्करोग थांबणार नव्हता. आत्या म्हणाली, "हिकडं आड, तिकडं हीर. मग हिरीतच उतरू, तितं निदान पायऱ्या तरी हायत."

सलाईनमधून ते औषध चढत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. रात्री तिला बारामतीतच माझ्या घरी आणलं. सकाळी तिनं काचेच्या बाटलीत लघवी धरून खिडकीत उन्हाला ठेवली. जुनं दुखणं उलटणार असलं की लघवी उन्हात लालकाळी पडते, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तपासणीचा अहवाल यायला अवकाश होता. आम्ही दोघी त्या बाटलीकडे बघत बसलो. ऊन खिडकीवरून सरकलं तरी रंग पिवळाच राहिला. मी घळाघळा रडले. आत्यानं डोळे पुसले आणि जेवायला वाढ म्हणून हुकूम सोडला.

पुढचे डोसही तिनं पचवले, पण कर्करोग यकृतात पोचला होता. शेवटी कळसला घरीच होती, आवाज पार खोल गेलेला. माझा हात धरून म्हणाली, "त्या डाक्टरीणबाईला सांग, हौसा रोगानं गेली, औषधानं न्हाय. माझ्यावाणी दुसरी कुणी आली, तर तिला तेवढाच धीर."

सुतक फिटायची वाट न बघता मी बारामतीला गेले आणि तेवढं सांगून आले.