कानडी फॉर्मवरची सही

माझ्या मुलीचं धावणं मी बंद पाडलं. फॉर्म कानडीत होता, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

ती तेव्हा पंधरा वर्षांची. लांबच्या जिल्ह्यातल्या सरकारी क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली होती. वय अठराच्या आत, म्हणून पालकाची सही हवी. उद्यमबागेतल्या फौंड्रीतली पाळी संपवून मी घरी आलो, तर ती पेन घेऊन दारातच उभी.

"आप्पा, इथं सही करा."

"कानडीत हाय की हे. मराठीत द्या म्हणावं, मग बघू."

"मी वाचून दाखवते की."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"सगळं कळतंय. तुमास्नीच वाचता येत न्हाय."

बायको आतून हसली. "खरं हाय तिचं. द्या हिकडं, मी करते सही."

मी फॉर्म कपाटात घातला आणि किल्ली खिशात टाकली. आपण कानडी कागदावर सही करत नाही, असं गल्लीत सांगत फिरलो. आमच्या सीमाभागात या वाक्याला कोणी उलट विचारत नाही. दोघांनी तर पाठ थोपटली. कारखान्यातल्या कानडी कागदांवर मात्र मी न वाचता सह्या करत होतो. पोरगी एवढ्या लांब एकटी राहणार, याची मला भीती होती. तेवढं बोलायचं धाडस नव्हतं.

मुदत गेली. तिनं बूट धुतले, पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले. पुन्हा कधी पहाटे उठली नाही. तिची स्वतःची सही चालायला लागली, तोवर वसतिगृहाची वयोमर्यादा उलटून गेली होती.

गेल्या महिन्यात रेशन कार्ड शोधताना तो फॉर्म हाती लागला. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तो तिच्यापुढं ठेवला.

"वाचून दाखव."

"आता कशाला, आप्पा?"

"वाच तर."

एकेक ओळ ती मराठीत सांगत गेली. मुलींसाठी वेगळी इमारत. रात्रंदिवस वॉर्डन बाई. महिन्यातून एकदा पालकांची भेट. मी ज्याला भीत होतो, त्या सगळ्याचं उत्तर त्यात लिहिलेलं होतं. शेवटी पालकाच्या सहीची रिकामी जागा आली. ती थांबली.

"चुकलं माझं, बाळ," मी म्हणालो. "कानडीचं निमित्त होतं. मी भ्यालतो. तुला कळत होतं, मलाच कळत न्हवतं. माफ कर मला."