झाशीकरांचं विमान ग्वाल्हेरहून सुटतं

आमच्या कॉलनीत कुणी विमानानं जाऊन आलं की त्याला लगेच चहाला बोलावतात. झाशीत मराठी घरं मोजकीच, काही फौजेतली, काही कारखान्यातली. त्यामुळे आज एकाचा झालेला किस्सा उद्या सगळ्यांचा होतो. बाकीचे हसतात. मी मात्र तो पाठ करून ठेवते, कारण प्रत्येक किश्श्यात मला पुढे आपलं काय होऊ शकतं तेच दिसतं. मिक्सर सुरू झाला तरी दचकणारी मुलगी मी!

आणि यंदा वहिनीला बाळंतपणासाठी डोंबिवलीला, तिच्या माहेरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. दादा बबीन्याच्या छावणीत, फायरिंगच्या सरावात अडकलेला. ट्रेनचे हादरे नकोत म्हणून विमान. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात सगळं थांबलं होतं. आता सातवा. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, म्हणजे सगळे तोच विचार करत होते.

तिकीट हातात आलं आणि मला एकेक किस्सा आठवायला लागला.

*

घाटगेकाका बबीन्याहून रिटायर झालेले सुभेदार. उभी नोकरी रणगाड्यात गेली, तीसुद्धा बुंदेलखंडाच्या मे महिन्यात! पहिल्यांदा विमानात बसले तर मधली सीट. दोन्हीकडे धिप्पाड माणसं, पुढच्यानं सीट मागे टाकलेली. दार बंद झालं आणि काका ताडकन उभे.

"दरवाज़ा खोलो!"

एअर होस्टेस धावत आली, काकांच्या कोटावरचा रेजिमेंटचा बिल्ला बघून म्हणाली, "सर, आप तो फ़ौजी हैं!"

"बेटा, टैंक का ढक्कन मेरे हाथ में होता था. यहाँ किसके हाथ में है, बस इतना बता दो!"

*

आमच्यातलं कुणी रिकाम्या हातानं महाराष्ट्रात जात नाही. जाणाऱ्याकडे अख्खी कॉलनी डबे देते. कुणाच्या मुलाला लाडू, कुणाच्या सासूला इथल्या मानिक चौकातली साडी. बॅगेला पंधरा किलोची मर्यादा असते, मायेला नसते.

सावंतकाकूंनी उपाय काढला. जड ते अंगावर! कोटाच्या खिशांत चटणीच्या पुड्या, कमरेला शालीत गुंडाळलेले डबे. तपासणीत सगळं सोडलं, परत बांधलं. पण सीटवर बसल्या तर बेल्टच लागेना. होस्टेसनं हळूच जास्तीचा पट्टा आणून जोडला आणि कानात म्हणाली, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स, मैम!"

काकूंची नातवंडं शाळेत जातात.

"मग तुम्ही काय म्हणालात?" आम्ही विचारलं.

"थँक्यू म्हटलं. काय, डबे काढून दाखवू तिला?"

*

झाशीला विमान येत नाही. आमचा विमानप्रवास टॅक्सीतच सुरू होतो. दतिया, डबरा, मग ग्वाल्हेर. मोरेकाका निघाले त्या दिवशी डबऱ्याला वरात आडवी आली. काकांचा जीव खालीवर. विमानाला जहाज म्हणणारा ड्रायव्हर राकेशभैया मात्र शांत. "चिंता नईं करो भैयाजी, जहाज कऊँ नईं जा रओ."

एअरपोर्टच्या वळणावर पोचले तर विमान डोक्यावरून गेलं. राकेशभैया गाडीतून उतरला, कपाळावर हात धरून वर बघत राहिला.

"हओ, टैम को पक्को है!"

तरी मी राकेशभैयाच ठरवला, कारण खड्ड्यातून तो गाडी अलगद काढतो. फक्त निघालो अंधारात. इतक्या लवकर पोचलो की दारावरचा जवान म्हणाला, "मैडम, अभी तो हम भी ठीक से नहीं आए!"

*

निघताना सावंतकाकूंनी वहिनीची ओटी भरली होती. तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. "मोठ्या बॅगेत कोंबू नका, जवळ ठेवा," असं बजावलं होतं. म्हणून ओटी हातातल्या पिशवीत. आणि स्कॅनरचा पट्टा थांबला.

"नारियल किसका है?"

मी इतकी दचकले की "मेरा नहीं!" म्हणून मोकळी झाले.

"माझा आहे," वहिनी म्हणाली, तीही मराठीत.

"अंदर नहीं जाएगा. नियम है."

"भैया, ओटी का है," मी म्हटलं. मग त्याला कळेल असं, "गोद भराई का."

त्यानं वहिनीकडे बघितलं. जप्त केलेल्या कात्र्या नि लायटरच्या ट्रेमध्ये नारळ टाकायला निघालेला त्याचा हात थांबला. त्यानं तो स्वतःच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला. "आप उतर नहीं जातीं, तब तक इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

वहिनी हसली. पण त्यानंतर तिचा हात पोटावरून हलला नाही.

*

विमान वर गेलं आणि ढगांत शिरताच हादरायला लागलं. वहिनी खिडकीशी, मी मध्ये. तिनं माझं मनगट धरलं.

"नीतू, टॅक्सीत नुसत्या लाथा चालल्या होत्या. नारळ ठेवला तेव्हापासून बाळ गप्प आहे."

"झोपलं असेल गं."

"मागच्या वेळी मीही हेच म्हटलं होतं."

हालचाल थांबली तर काय करायचं, ते डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आठवलं. गोड खायचं, पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर व्हायचं. इकॉनॉमीत डावी कूस! पुढच्या माणसानं सीट आमच्या अंगावर येईल इतकी मागे टाकलेली. दोन सीटांमधला आर्मरेस्ट वर केला, वहिनीला माझ्या खांद्यावर कलवलं. पिशवीत सावंतकाकूंचा लाडवांचा डबा होता, चारी बाजूंनी टेप लावलेला. टेप दातांनी फाडली.

"अगं, त्यांच्या मुलाचे आहेत ते!"

"खा!" मी ओरडले. वहिनीवर आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं लाडू खाल्ला. पाणी प्यायली. माझा तळहात तिच्या पोटावर. विमान एकदम खाली गेलं, मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. तळहाताखाली काही नाही. वहिनीनं डोळे मिटले. मी दुसरा लाडू तिच्या तोंडाशी धरला. ती मान हलवत होती, मी धरूनच ठेवला.

आणि तळहाताखाली असा सणसणीत धक्का बसला की वहिनी दचकली, मी तिच्याहून जास्त दचकले, आणि आमचे गुडघे धाडकन पुढच्या सीटवर आपटले.

पुढचा माणूस लालबुंद होऊन वळला. "ये पीछे से लात कौन मार रहा है?"

वहिनीच्या ओठांना लाडू लागलेला, डोळे वाहत होते.

"भैया," ती म्हणाली, "मारने दो!"