बिनप्लगच्या काकू

काकूंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, मल्टिमीटर असायचा. वीज मोजायचा, पिवळा, काच तडकलेला, वायरी रबरबँडने गुंडाळलेल्या. चाकणच्या एका कारखान्यात त्या गाड्यांच्या वायरिंगच्या तपासणीवर होत्या. पहिली शिफ्ट सुटली की कधीकधी घरी न जाता सरळ पिंपरीच्या बाजारात यायच्या. तिथल्या एका स्टिरिओच्या दुकानात मी सेल्समन होतो. कंपनीचा निळा एप्रन साडीवर तसाच असायचा आणि तो काढून ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी काउंटरवर ॲल्युमिनियमचा एक डबा ठेवला. पुढे आवाजाचं मोठं बटण, शेजारी एक छोटा स्विच, मागे जॅक लावायची भोकं. मी डबा फिरवून फिरवून पाहिला. प्लगची वायर सापडेना.

"काकू, ह्याला लाइट कुठून द्यायची?"

"द्यायचीच नाही," त्या म्हणाल्या. "असे चार चांगले जॅक द्या. स्वस्तातले नको."

हा डबा म्हणजे पॅसिव्ह प्रीअँप. ज्यांना ह्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीडी प्लेयर आणि स्पीकर हलवणारा मोठा ॲम्प्लिफायर ह्यांच्यामध्ये साधारणपणे प्रीअँप नावाचं आणखी एक यंत्र असतं. ते विजेवर चालतं, आलेला आवाज थोडा वाढवतं आणि मग आपण बटण फिरवून तो कमी करतो. काकूंचं म्हणणं एवढंच होतं की सीडी प्लेयरमधून मुळातच पुरेसं येतं, तर आधी वाढवायचं आणि मग कमी करायचं हा उद्योग कशाला? नुसतं कमी करायला एक बटण पुरतं. हे मलाही माहीत होतं. पण अकरा वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला ते सांगितलं नव्हतं, कारण प्रीअँप हाच आमच्या दुकानाचा सगळ्यात चांगला खपणारा माल होता.

त्या गेल्यावर आम्ही त्यांना बिनप्लगच्या काकू हे नाव ठेवलं आणि खूप हसलो.

दुसऱ्या खेपेला हसू जिरलं. मी मुद्दाम त्यांचा डबा आणि आमचा सगळ्यात भारी प्रीअँप आलटून पालटून लावून दाखवला. आमचा अर्थातच जास्त भरदार वाटला. काकू उठल्या, स्पीकरच्या वायरींना मीटरची टोकं लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, तुमचा लावताना तुम्ही आवाज वाढवायलात."

वाढवत होतो. ती आमची रोजची युक्ती होती. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो.

"मोठं म्हणजे चांगलं नसतंय," त्या म्हणाल्या. "मोठं म्हणजे नुसतं मोठं." मग त्यांनी दोन्हींचे आकडे सारखे करून घेतले आणि मला भिंतीकडे तोंड करून बसायला लावलं. कुठला डबा कधी लागला, मला ओळखता आलं नाही.

ही चीड त्यांच्यात कुठून आली ते हळूहळू कळलं. परभणीकडून लग्न होऊन त्या दापोडीला आल्या, तेव्हा नवऱ्याची साउंड सर्व्हिस होती. लग्न, बारसं, निवडणूक, सगळीकडे त्यांचे भोंगे. नवरा गेल्यावर काकूंनी भोंगे विकले, एक ॲम्प्लिफायर ठेवला आणि कुणाकडून तरी दोन जुने स्पीकर घेतले. "वीस वर्षं आवाज ऐकला," त्या म्हणायच्या. "आता मला गाणं ऐकायचंय." गाणं म्हणजे बहुतेक वेळा सारंगी. तिची गोडी त्यांना कुणी लावली नव्हती. जुन्या सीड्यांच्या ढिगात एकदा हाताला लागली, एवढंच.

त्यांचा हट्ट आंधळा मात्र नव्हता. एकदा मी त्यांचा डबा पाच मीटर लांब वायरीने जोडला. आवाज बोथट झाला, वरचे सूर मेल्यासारखे झाले. मला कोण आनंद! काकूंनी शांतपणे मान हलवली. "बरोबर आहे. ह्याच्यात रेटा नसतो, लांबचं झेपत नाही. म्हणून माझी वायर हातभर आहे. आणि माझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर असता तर तुमचा प्रीअँप मीच घेतला असता, त्यातून मुळातच बारीक येतं. लागतं तिथं घ्यावंच की."

मग तो रविवार आला. दुकानात गर्दी होती. एक नवीन लग्न झालेलं जोडपं प्रीअँप घ्यायच्या बेतात होतं. मी नेहमीसारखा आवाज किंचित चढवून दाखवत होतो. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर जॅकचं बिल व्हायची वाट बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सारख्या आवाजावर ऐक, पोरी. मग ठरव."

शेठ गल्ल्यावरून उठले. "बाई, तुम्ही बाहेर व्हा."

"मी गिऱ्हाईक आहे. बिल झालं की जाईन."

"बाहेर व्हा म्हणतो ना!"

काकू हलल्या नाहीत. पर्समधून मीटर काढून काउंटरवर ठेवला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. दुकानातली सगळी माणसं मीटरकडे बघत होती. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. "दादा, सारख्या आवाजावर लावता येतं का?" तिने विचारलं.

मी मीटर उचलला. का उचलला, ते त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोन्हींचे आकडे सारखे केले आणि लावून दाखवलं. त्या दोघांना काही फरक कळला नाही. ते हसत, आभार मानत, काही न घेता निघून गेले. शेठ मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भांडायला म्हणून दापोडीला गेलो. रेल्वेलगतच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. एक खुर्ची आणि तिच्यासमोर दोन स्पीकर. पाहुण्यांना काकू स्वयंपाकघरात बसवायच्या. चिखलीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला ह्याची फार लाज वाटायची.

"काकू, तुमच्यामुळे माझी नोकरी गेली."

"मी तोंड उघडलं," त्या म्हणाल्या. "मीटर तू उचललास."

पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं.

"नोकरीचं वाईट वाटायलंय?"

"वाटणारच ना. घरी काय सांगू?"

"आणि मीटर उचलल्याचं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग बस," त्या म्हणाल्या. मला त्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं आणि स्वतः फरशीवर बसल्या. सारंगी सुरू झाली. अकरा वर्षं मी यंत्रं विकली, पण एक तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी ऐकला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. भांडण राहूनच गेलं.

पुढे मी दापोडीतच दुरुस्तीचा गाळा घेतला. काकू निवृत्त झाल्या. मुलगा म्हणाला, "आई, चिखलीला चल, पण ते डबे नकोत." काकूंनी आळंदीला वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. नातेवाइकांना बरं वाटलं, बाई देवाला लागल्या! "देवाला नाही," काकू ज्याला त्याला ऐकवायच्या. "भिंती जाड आहेत म्हणून आले." भजनांच्या भोंग्यांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ते थांबतात तेव्हा मी लावते. त्यांचं त्यांना, माझं मला."

त्या गेल्याचं मला महिन्याने कळलं. माझ्यासारख्या गाळेवाल्याला कळवावं असं कुणाला सुचणार? मी आळंदीला गेलो. घरमालकीण जिन्यातच भेटल्या. जुन्या गावातल्या, सत्तरीच्या, डोक्यावर पदर.

"व्हय, झोपेतच गेल्या," त्या म्हणाल्या. "मी खालून वरडायची, बाई, आवाज वाढवा की, मला ऐकू येत न्हाई. तर म्हनायच्या, ऐकायचं तर वर या."

"मग?"

"मग काय! गुडघं दुखत्यात, तरी गेले. एक दिस गेले, मग रोजच जाऊ लागले."

"आणि ते सगळं सामान?"

"त्यांचा ल्योक आला हुता न्यायला. मी दिलं न्हाई." त्यांनी हनुवटी वर केली. "म्हनलं, तुझ्या घरात ह्याला जागा न्हवती ना? मग माझ्या घरात हाय. तुला ऐकायचं आसंल तवा ये."

कठड्याला धरून त्या एकेक पायरी चढू लागल्या. मी मागोमाग गेलो. खोलीत सगळं जागच्या जागी होतं, खुर्चीपुढे आता एक सतरंजीही होती. म्हातारीने डोळे बारीक करून सीडी घातली, बटण अगदी जपून फिरवलं आणि खुर्चीत बसून माझ्याकडे वळली.

"बसायचं आसंल तर बसा. पन बोलायचं न्हाई."

मी सतरंजीवर बसलो.