घरी विचारायचा प्रश्न

शाळा सुटली की दुसरीच्या बाई आधी फळ्याचा फोटो काढत आणि वर्गात काय झालं ते पालकांच्या ग्रुपवर चार ओळींत लिहीत. शेवटी एक प्रश्न असे, घरी मुलांना विचारायला. त्याचं उत्तर घेऊन एखादं तरी मूल सकाळी यावं, एवढीच त्यांची आस. वर्ष सरत आलं, तरी एकही आलं नव्हतं.

आज मुलांनी बिया भिजत घातल्या होत्या. बाईंनी बिया भिजवणाऱ्या मुलांचाही फोटो टाकला आणि लिहिलं, "भिजल्यावर फुगणारं घरात आणखी काय आहे?"

घरी येऊन पाहिलं, तर उत्तरं अशी: "आमची चिऊ फोटोत का नाही?" "डबा वर्गात राहिलाय का?" आणि नुसते अकरा अंगठे.

"पालथ्या घड्यावर पाणी!" बाईंनी फोन आपटला.

"आई, आमच्या बाईपण रोज लिहितात," चौथीतली लेक म्हणाली. "तू कुठे मला काही विचारतेस?"

बाईंनी तिच्या वर्गाचा ग्रुप उघडला. प्रत्येक फोटोखाली त्यांचाही अंगठा होता, मजकूर मात्र एकदाही वाचलेला नव्हता. आता चरफडायचं तरी कोणावर?

"चष्मा दे गं माझा," त्या म्हणाल्या. "बघू, काय विचारलंय तुमच्या बाईंनी."