लिथियम आणि अळणी भाजी

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये त्याने एकतीस वर्षं बाटल्या पुसल्या. पोरं त्याला बाटलीमामा म्हणायची. शिक्षण बेताचं, पण आवर्तसारणीतला पहिला गट त्याला भावकीसारखा ठाऊक. "थोरला लिथियम," तो पोरांना सांगायचा. "पाण्यात टाकला तर नुसता फसफसतो. मधला सोडियम गोळी होऊन सैरावैरा पळतो. धाकटा पोटॅशियम पाण्याला टेकला की पेटलाच. खाली जाल तसा ताप वाढतो, पण वळण एकाच घरचं."

निवृत्त झाल्यावर त्याने बायकोच्या तब्येतीकडे लक्ष द्यायचं मनावर घेतलं, आणि तिथंच घोळ झाला.

बायको बारा वर्षं लिथियमच्या गोळ्या घेत होती. त्याआधी तिचं डोकं अधूनमधून चढायचं. चार-चार दिवस झोप नाही, तोंडाला विसावा नाही, अख्खं घर अंगणात मांडून बसायची. गोळ्यांनी ती ताळ्यावर आली. पण ही गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असं दोघांचं ठरलेलं. त्यामुळे रक्तदाबाचा डॉक्टर "मीठ जरा कमी करा" म्हणाला, तेव्हा गोळ्यांचं कुणी बोललंच नाही. आणि याने त्यातला 'जरा' गाळून मिठाचा डबाच माळ्यावर टाकला.

"अहो, गुरांनासुद्धा मीठ घालतात," ती म्हणाली.

"गुरांना बीपी नसतो. जेव गुमान."

तीन आठवड्यांत तिचे हात थरथरायला लागले. मग उलट्या, जुलाब. एका सकाळी ती भिंत धरत आली, आणि 'चहा' म्हणताना जीभ दारू प्यायल्यागत अडखळली.

इस्पितळात त्याने पहिल्यांदा गोळ्यांचं पाकीट परक्या माणसापुढे ठेवलं.

"जेवणात मीठ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चिमूटभर नाही," तो जरा तोऱ्यातच म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मूत्रपिंडाला मिठातलं सोडियम आणि गोळीतलं लिथियम यांतला फरक नीट कळत नाही, काका. सोडियम मिळेना, म्हणून ते लिथियमच धरून बसलं. ते रक्तात साठत गेलं."

पोरांना सांगून सांगून गुळगुळीत केलेली गोष्ट त्याला स्वतःच्या घरच्या ताटात दिसली नव्हती.

सलाइन लागलं, गोळ्या बंद झाल्या. नवव्या दिवशी ती घरी आली. जीभ सरळ, हात जवळजवळ स्थिर. दुसरी गोळी तपासणीनंतर ठरणार होती. तोवर तिचं डोकं बिनगोळीचं. ती आपले हात बघायची, तो तिचं बोलणं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती गुणगुणत केर काढत होती. झालेली खोली तिने पुन्हा झाडायला घेतली.

"झाली ना ती?"

"कोपरा राहिला. असं काय बघताय? बाईनं आपल्या घरात गाऊ नये?"

कोपरा खरंच राहिला होता का, ते त्याला सांगता येईना. पण तो आता अंदाजावर बसणार नव्हता. तिच्यासमोरच त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ती केरसुणी हातात धरून ऐकत उभी राहिली.